उंडीखालचा राखणदार

रविवार, ६ जानेवारी १९८५

ही डायरी औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेली आणि १९८३ची आहे. वार जुळत नाहीत. प्रेमा म्हणाली, "आई, नवी वही आण ना. दोन वर्षं शिळ्या डायरीत कसली लिहितेस?" पण कोरे पान शिळे होत नाही. छापलेला वार खोडायचा आणि खरा लिहायचा, एवढेच काम.

लिहायचे कारण, मी आता लेखिका होणार आहे. हे वाक्य दोनदा वाचले आणि भात बघायला उठले. भात करपला होता.

झाले असे, की आमच्या वाचनालयाला पाडव्याला पंचवीस वर्षे पुरी होतात. स्मरणिका निघणार आहे. कार्यवाह शिवदासभाऊ पुस्तक बदलून देता देता म्हणाले, "वनमालाताई, आमची दोन कपाटं तुम्ही वाचून संपवलीत. आता थोडं परत करा. आपल्या भागाच्या जुन्या जागा, देव, दंतकथा, असं काहीतरी लिहून द्या. इमारती उठतायत, सगळं पुसलं जाईल."

मी म्हटले, "भाऊ, मी शाळेत गेलेली नाही."

"शाळेत गेलेले पाच जण नाही म्हणाले, म्हणून तुमच्याकडे आलो."

मी वाचायला शिकले पुड्यांच्या कागदांवर. लग्न होऊन मालवणाकडून मुलुंडला आले तेव्हा नुसती अक्षरे ओळखता यायची. हे मोजणीखात्यात होते, दिवसभर उन्हात. येताना कधी सुकट आणायचे. तिचा कागद मी धुऊन, वाळवून वाचायची. गोष्टीची सुरुवात मिळाली तर शेवट दुसऱ्या पुडीत. त्यामुळे माझे ज्ञान अजूनही कडेने फाटलेले असते, आणि थोडे वासही मारते.

गुरुवार, १० जानेवारी

आज संशोधनाला निघाले. पिशवीत वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली. जिन्यात शेजारीण भेटली. "दळण का?" म्हणाली. मी हो म्हटले.

उंडीपाड्याला गेले. स्टेशनपासून पूर्वेला वीस मिनिटे, मिठागरांच्या अलीकडे. पाड्याच्या तोंडाशी उंडीचे मोठे झाड आहे आणि त्याखाली शेंदूर फासलेला दगड. गुडघ्याएवढा. तोच राखणदार. गावाच्या शिवेवर बसून गाव राखतो. आमच्या गावीही आहे तसा, वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, नारळ आणि जे काय असेल ते.

ह्यांना देवळाचे वावडे होते. पण रविवारी फिरायला निघालो की ह्या दगडाशी थांबत, टोपी सरळ करत आणि हसून विचारत, "बरा आहेस ना?" दुसऱ्या कुठल्या देवाशी ते असे बोलत नसत. प्रेमाला सहाव्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा मी ह्या राखणदाराला नारळ बोलले होते. नारळ द्यायला गेलो त्या दिवशी हे हसले नाहीत. टोपी काढून हातात धरून उभे होते.

ह्यांना जाऊन साडेतीन वर्षे झाली. टोपी खिळ्यावर आहे. खिळा वाकडा आहे. ह्यांनी मारलेले सगळे खिळे डावीकडे कललेले, त्यामुळे आमच्या घरात कॅलेंडरसुद्धा तिरके लटकते.

दगडाशेजारी सखुबाई कोळीण सुकी मासळी घेऊन बसते. साठीची असेल. मी वही काढली तशी म्हणाली, "रस्त्यावाली हायस का?"

"नाही गं. कसला रस्ता?"

तिने हाताने दाखवले. झाडाच्या बुंध्यावर पांढऱ्या चुन्याची फुली. नवा रुंद रस्ता इथूनच जाणार. होळी झाली की झाड, दगड आणि सखुबाईची जागा, तिन्ही उठणार.

"चालीस वर्सं बसतंय हितं," ती म्हणाली. "आता काय, हवेत बसू?"

शनिवार, १२ जानेवारी

शिवदासभाऊंना सांगितले. ते रस्त्याच्या ऑफिसात जाऊन आले. तिथला साहेब म्हणाला म्हणे, जागा फार जुनी आहे असे काही लेखी दाखवा, मग विचार करू.

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "लेखी म्हणजे तुम्ही."

मला आजवर कुणी लेखी म्हटले नव्हते. घरी येऊन होत्या तेवढ्या पेन्सिलींना टोके केली. चारही.

शनिवार, १९ जानेवारी

चार खेपा घातल्या. पहिल्या तिन्ही वेळा सखुबाईने बोंबील विकत घ्यायला लावले आणि गोष्ट उद्यावर टाकली. आज चौथ्यांदा मी आधीच बोंबील घेतले, तेव्हा तिने पदर सावरला. तिच्याच शब्दांत लिहिते, नंतर मी सुधारीन.

"जुना सांगू की नवा?"

"जुना. जितकं जुनं तितकं बरं."

"मंग आयक. माझ्या सासूची सासू सांगायची. हितं शीव कुठं, कोनालाच ठाव नवती. तीन गावं रोज भांडायची. मंग एक दिवस मोठा रागीस आला. तीन पायांचा, येकाच डोल्याचा. झाडाखाली उभा राहून दिवसभर येका डोल्यानं बगायचा. त्याच्या हुकमाखाली एक गडी व्हता. खांद्यावर लोखंडाची साकली, शंभर कड्यांची. गडी साकली वढत रानातून, चिखलातून फिरायचा. वाजायची ती, खळ खळ. जितं साकली संपंल तितं थांबायचा, हाक मारायचा. तीन दिवस असाच फिरला. मंग ह्यो दगड हुबा केला आन रागसाला घेऊन गेला. गाव राखला त्यानं. तवापासून भांडन नाय."

"आणि त्या गड्याचं नाव?"

सखुबाईने माझ्याकडे जरा वेळ बघितले. "देवाचं नाव कोन घेतंय गो?" म्हणाली. मग एका गिऱ्हाइकाला तिने विनाकारण शिवी दिली.

परत येताना मी इतकी खुशीत होते की बोंबलांची पिशवी तिथेच विसरले.

रविवार, २० जानेवारी

सकाळपासून विचार. वाचनालयातून तीन जाड पुस्तके आणली आणि एकात बोट, एकात पेन्सिल, एकात चमचा घालून बसले.

तीन पाय आणि एक डोळा म्हणजे सखुबाईचा रागीस हा राक्षस नसून बहुधा शंकराचा कुणी गण. शंभर हा आकडा लोककथांत नेहमी येतो, तो मोजायचा नसतो. साखळी म्हणजे बंदिवान. खाडीतून पोर्तुगीज गलबते यायची, त्यांतला कुणी कैदी पळून इथे आला असावा आणि गावाने त्याला देव केले असावे. म्हणजे चारशे वर्षे सहज झाली.

प्रेमा इस्त्री करत ऐकत होती. "साखळी कैद्याच्या पायात असते ना गं? ह्याच्या खांद्यावर कशी?"

"दंतकथेत पाय आणि खांदा बदलतात."

"आणि तो संपली की हाक का मारतो?"

"तू टेलिफोनात काम करतेस," मी म्हटले, "हाकांचं तुलाच जास्त कळणार." ती हसली, मीही हसले, आणि प्रश्न राहून गेला. लेख मात्र झकास झाला. एका जागी मी असेही लिहिले की "एका सरकारी नोकराला मी येथे आदराने थांबताना पाहिले आहे."

रविवार, ३ फेब्रुवारी

वाचनालयात लेख वाचला. सोळा माणसे होती, त्यांतली दोन वर्तमानपत्र वाचायला आलेली. "चारशे वर्षे" म्हणताना माझा आवाज आपोआप जाड झाला. टाळ्या पडल्या. शिवदासभाऊंचे डोळे पाणावले, पण त्यांना सर्दीही होती.

लेखाची एक प्रत अर्जासोबत रस्त्याच्या ऑफिसात गेली. दुसरी स्मरणिकेच्या छापखान्यात. सखुबाईला जाऊन सांगितले, "तुझी जागा वाचली समज."

ती म्हणाली, "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवले. पोर्तुगीज आले तशी तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले, भरून आले.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

वाट लागली.

ऑफिसचे पत्र आले. मजकूर असा: सदर देवस्थान प्राचीन व लोकांच्या श्रद्धेचे असल्याचे दिसून येते. सबब ते पुरोहिताकरवी विधिपूर्वक उचलून नव्या रस्त्याच्या कडेस, सिमेंटचा चौथरा बांधून, स्थापन करण्यात येईल. झाडाविषयी एक शब्द नाही. सखुबाईविषयी तर नाहीच.

म्हणजे देव हलवता येतो. जितका जुना तितक्या मानाने हलवतात. आणि तो जुना आहे, हे त्यांना कुणी पटवले?

सखुबाईला पत्र वाचून दाखवले. ती मासळीवरच्या माश्या वारत राहिली. "बाय, तू लिवायच्या आदी निदान देव हलवायची मंजुरी तरी नवती," म्हणाली. "आता ती पन झाली."

मी बोंबील घेतले. तिने तोलायला नकार दिला, नुसतेच पिशवीत टाकले. ते जास्त लागले.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

काल प्रेमाला म्हटले, जुने नकाशे कुणी बघितलेले असतील तर भिकाजीभावजींनी. हे आणि ते मोजणीच्या एकाच टोळीत होते, आता निवृत्त होऊन चेंबूरला लेकाकडे असतात. नकाशात शीव सापडली तर निदान वाद घालता येईल, एवढाच माझा विचार. म्हणून आज चेंबूरला गेले. लेखही नेला. लेखक माणूस लेख बरोबर नेतोच.

भावजींनी चष्मा लावून वाचायला घेतला. पहिल्या पानावर गंभीर होते. दुसऱ्या पानावर, राक्षसापाशी, त्यांचा खांदा हलायला लागला. कैद्यापाशी चष्मा काढला आणि डोळे पुसले. सून आतून धावत आली, तिला वाटले काही झाले.

"वहिनी," ते म्हणाले, "तीन पाय आणि एक डोळा. माझ्या साहेबाची दुर्बीण नव्हती का तिकाटण्यावर?"

मी लेख त्यांच्या हातातून परत घेतला.

"शंभर कड्यांची साखळी. मोजून शंभर. मागचं टोक माझ्याकडे, पुढचं रामचंद्राकडे. साखळी संपली की हाक मारायची, मी आकडा लिहायचा. अठ्ठावन्न साल. तीन गावांची शीव तिथे मिळते, तिथे दगड घालायचा होता. वहिनी, हा तुमचा घोव हो."

मी म्हटले, "पण शेंदूर?"

"तीच तर गंमत. आम्ही दगड गाडायचा आणि दुसऱ्या दिवशी तो गायब. दोनदा झालं. छान चपटा दगड, कुणीतरी कपडे धुवायला उपटून न्यायचं. साहेब म्हणाला, तिसऱ्यांदा गेला तर दोघांचा पगार कापीन. तेव्हा रामचंद्र बाजारात जाऊन शेंदराची पुडी घेऊन आला. तेल कालवून फासला, वर फूल ठेवलं, हात जोडले. म्हणाला, आता न्या. सत्तावीस वर्षं कुणी हात लावला नाही."

"मला कधी सांगितलं नाही."

"सरकारी दगडाला देव केला हे फुटलं असतं तर नोकरी गेली असती. आणि तुम्ही..." ते अडखळले.

"बोलकी," मी म्हटले.

"तसं नाही," भावजी म्हणाले. पण तसेच.

बुधवार, २७ फेब्रुवारी

चोवीस वर्षे मी ह्यांचे सदरे धुतले. प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर गंजाचा डाग असायचा, लिंबू चोळूनही जायचा नाही. तो साखळीचा आहे हे मला माहीत होते. तरी मी तीन जाड पुस्तके उघडून पोर्तुगालपर्यंत गेले.

हसू येते. मग येत नाही. आणखी काय काय सांगितले नसेल, ते आता कोणाला विचारू?

गुरुवार, २८ फेब्रुवारी

एक गोष्ट रात्रभर डोक्यातून गेली नाही. प्रेमाच्या नारळाच्या दिवशी हे टोपी काढून उभे होते. आपणच गाडलेल्या दगडापुढे. त्यांना तर ठाऊक होते.

शनिवार, २ मार्च

सखुबाईकडे गेले. तिला कसे सांगावे ह्याची वाक्ये वाटेत तयार केली होती, कारण तुझा देव देव नाही हे कुणाला सांगायचे म्हणजे सोपे नसते. जवळ बसले आणि म्हटले, "सखुबाई, हा दगड चारशे वर्षांचा नाही गं. माझ्या नवऱ्याने घातलाय."

"ठाव हाय," ती म्हणाली आणि करंदी चाळत राहिली.

"ठाऊक आहे?"

"दोनदा मीच उपटून नेला. असा दगड धुवायला मिलतोय कुटं?"

"मग मला ती सासूच्या सासूची गोष्ट कशाला सांगितलीस?"

"तूच बोललीस, जुना पायजे. तुला नवा सांगितला असता तर लिवला असतास? मी आपली पोरांना सांगतंय तीच सांगितली. तुला मागनं वळखली मी, रविवारची त्याच्यासंगट यायचीस. मना वाटलं, रागीस आयकून तरी तुजी टूब पेटंल. तू तर गो, परदेशातून मानूस आनलास."

मी वहीकडे बघितले. चार पेन्सिली, सगळ्या अणकुचीदार.

"म्हणजे तू ह्याला देव मानत नाहीस?"

ती चिडली. "कोन बोलला? माझा धाकटा तापानं फनफनला तवा ह्यालाच हाक मारली मी. उतरला ताप. दगड कुनीतरी मांडायलाच लागतोय ना? आपल्या पायानं चालत येतोय काय देव?"

मग ती तिच्या परीने नवी गोष्ट सांगू लागली. तीन दिवस टोळी इथे होती. जेवण तिच्या घरून जायचे. भिकाजी दोन भाकऱ्या खायचा, हे चार. लाजत लाजत पाचवी. "नवी बायको केली व्हती. सारका तिचंच. बोलायचा, ती पुडीचा कागद टाकू देत नाय, वाचते. मंग माझ्याकडशी सुकट घ्यायचा तर केलीच्या पानात घ्यायचा नाय. छापील कागदात बांद, बोलायचा. येकदा मी कोरा कागद दिला तर परत केला. बदली झाली तरी यायचा, सुकट घ्यायला. मुलुंडच्या बाजारात काय सुकट मिलत नवती?"

मी उठले. घरी आल्यावर प्रेमा म्हणाली, "आई, डोळे का लाल?" मी म्हटले, करंदीचा झोंब.

मंगळवार, १२ मार्च

मधल्या दिवसांत मी लेखिका नव्हते, फक्त अर्जदार होते. मोजणीच्या ऑफिसात भिकाजीभावजींबरोबर पाच खेपा. तिथल्या तरुण साहेबाने जुने टिपणबुक शोधून काढले. तीन गावांची शीव, दगड, उंडीचे झाड पूर्वेस सहा हात. देव पुरोहित आणून हलवता येतो, पण हद्दीचा दगड मोजणीखात्याच्या हुकमाशिवाय हलवणे गुन्हा आहे. हे रस्त्याच्या साहेबाला लेखी गेले. तो म्हणाला, हा दगड तोच कशावरून? खाली निशाणी असेल तर दाखवा.

निशाणी शेंदराखाली. सत्तावीस वर्षांचा थर, तळहाताएवढा जाड.

आज दुपारी तीनला सगळे जमले. रस्त्याचे साहेब, मोजणीचे साहेब, भावजी, शिवदासभाऊ, पाड्यातली वीसेक माणसे. शेंदूर कोण काढणार, हा प्रश्न आला आणि सगळे मागे सरकले. भावजीसुद्धा. साहेब लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या, ते मी बघितले.

मी पुढे झाले, कारण ही वेळ आणली मी. मीही आधी चपला काढल्या. सगळे ठाऊक असून. मग सखुबाई शेजारी येऊन बसली, तिच्या हातात खोबरेल आणि नारळाची करवंटी. दगडाला म्हणाली, "बाबा, जरा आंग धुवून घे. परत नेसवतंय." आणि तिने पहिला हात लावला.

अर्धा तास लागला. शेंदराचे पापुद्रे आम्ही केळीच्या पानावर गोळा केले. तळाशी काळा दगड लागला आणि त्यावर छिन्नीने कोरलेला बाण.

मोजणीचा साहेब वाकून म्हणाला, "निशाणी आहे. पण बाण सरळ हवा. हा डावीकडे कललाय."

भावजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटले, "बरोबर आहे. तोच आहे." आणि बाणात राहिलेला शेंदूर नखाने काढला. शिवदासभाऊंना पुन्हा सर्दी झाली.

रस्त्याचा साहेब नकाशा गुंडाळत म्हणाला, आता आठ हात वळसा घ्यावा लागणार, कुठल्याशा दगडासाठी. पण चुन्याची फुली पुसायला त्याने माणूस लावला. झाड राहिले. झाडाखालची टोपलीही राहिली.

मंगळवार, १९ मार्च

स्मरणिका छापून झाली आहे. जुन्याच लेखासकट. चारशे वर्षे, गण, पोर्तुगीज, सगळे. भाऊ म्हणाले, खिळे जुळवून झाले होते, आता बदलता येत नाही. शुद्धिपत्राची चिठ्ठी आत चिकटवू.

शुद्धिपत्र लिहायला मला पूर्ण लेखापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी असे झाले: "पृष्ठ एकोणीसवरील मजकूर चुकीचा आहे. उंडीपाड्याचा राखणदार १९५८ साली मोजणीखात्यातील रामचंद्र यांनी स्थापन केला. लेखिकेला हे ठाऊक असायला हवे होते."

नावापाशी हात अडला. तोंडाने कधी घेतलेले नव्हते, लग्नाच्या उखाण्यात एकदा, तेही घाईत. लिहून बघितले. चार अक्षरे, एक जोडाक्षर. नीट बसले.

प्रेमाने वाचले. "आई, लेखिकेला ठाऊक असायला हवं होतं, हे कशाला घातलंस?"

"तेवढंच माझं स्वतःचं वाक्य आहे त्यात," मी म्हटले.

शुक्रवार, ५ एप्रिल

चैत्री पौर्णिमा. पाड्याची राखण. सखुबाईने निरोप धाडला होता, नवी साडी नेस म्हणून. मी जुनीच नेसले.

राखणदाराला नवा शेंदूर लावला आहे. बाणाएवढी जागा मात्र सखुबाईने मोकळी ठेवली. "साहेबाला परत शंका आली तर?" म्हणते. गाऱ्हाणे झाले आणि तिने नारळ उचलून माझ्या हातात दिला.

मी म्हटले, "मी नको गं. माझ्यासारखीने पहिला नारळ..."

"तुज्या घरचा मानूस बसलाय तितं," ती म्हणाली. "तू नाय देनार तर काय रस्त्यावाला देल? फोड लवकर, उन लागतंय."

नारळ एका फटक्यात फुटत नाही माझ्याकडून. तीन लागले. प्रेमा बाजूला उभी होती. तिनेच मला आठवण केली, "आई, हा माझ्या टायफॉइडवाला ना?" मी हो म्हटले. तिला सगळी गोष्ट ठाऊक आहे. तरी तिने हात जोडले, आणि मी जोडले. ह्यांनी त्या दिवशी टोपी का काढली होती, हे मी आता विचारत नाही.

खोबरे वाटत होतो तेव्हा नव्या कॉलनीतली एक तरुण बाई आली. हातात आमची स्मरणिका. पृष्ठ एकोणीस उघडे, शुद्धिपत्राची चिठ्ठी कधीच गळून गेलेली. मला म्हणाली, "काकू, हाच ना तो चारशे वर्षांपूर्वीचा? पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेला?"

मी तोंड उघडले. वीस मिनिटांचे उत्तर होते माझ्याकडे, तारखांसकट. पण सखुबाईने आधी तोंड घातले.

"तोच. तू बस हितं, सांगतंय. डोक्याला टोपी, पायात फाटकी व्हान, खांद्याला गंज. भूक लय त्याला. चार भाकऱ्या खायचा आन पाचवी लाजत मागायचा. बायकोच्या कागदासाठी सुकट न्यायचा."

बाई हसली. "देव सुकट न्यायचा?"

"छापील कागदात," सखुबाई म्हणाली.

"आणि खिळे वाकडे मारायचा," मी म्हटले.

बाईने पिशवीतून पेन काढले आणि स्मरणिकेच्या समासात ते लिहून घ्यायला लागली. मी थांबवले नाही. फक्त तिचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबले आणि म्हटले, "डावीकडे कललेले. तेही लिही."